चढावर तापणारी पिकअप : शीतकरण यंत्रणेच्या निदानाची आणि दुरुस्तीची हकीकत

माझी डिझेल पिकअप मी वापरलेली घेतली. तिच्या इंजिनाविषयी एरवी काही तक्रार नव्हती, मात्र हौद्यात भार असताना लांब चढ लागला की तापमानाचा काटा मधली रेघ सोडून वर सरकू लागे आणि पुढे सपाट रस्त्यावर वेग धरला की थोड्याच वेळात पूर्ववत जागेवर येई. याच्या जोडीला कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी हळूहळू उतरत होती, आणि रात्रभर एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीखाली सकाळी ओलसुद्धा दिसत नव्हती. या दोन तक्रारी एकाच दोषाच्या दोन बाजू आहेत की दोन स्वतंत्र दोष एकाच वेळी वस्तीला आले आहेत, हे ठरवण्यातच या कामाचा बहुतेक वेळ गेला.

सल्ले मिळायला वेळ लागला नाही. एकाने हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामधले सील) गेल्याचे गाडी न पाहताच सांगितले, दुसऱ्याने रेडिएटर बदलायला सांगितले, आणि तिसऱ्याने थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून फेकून द्या, म्हणजे गाडी तापणारच नाही, असे छातीठोकपणे सांगितले. तिघांच्याही बोलण्यात तथ्य असू शकत होते. पण एकामागून एक भाग बदलत गेले तर दोष अखेरीस सापडला तरी तो नेमका कशामुळे गेला हे कळत नाही, म्हणून मी आधी मोजमाप करायचे आणि दोन चाचण्यांच्या मध्ये शक्यतो एकाच बाजूची दुरुस्ती करायची असे ठरवले.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश भाग उष्णतेच्या रूपाने कूलंटमध्ये उतरतो. ही उष्णता वॉटर पंप रेडिएटरपर्यंत वाहून नेतो आणि तिथे ती हवेला दिली जाते. म्हणजे गाडी तापत असेल तर एकतर कूलंट पुरेसा फिरत नाही, किंवा हवा पुरेशी वाहत नाही, किंवा या दोघांच्या मध्ये असलेला रेडिएटर उष्णता पुढे सोडत नाही. गाडी केव्हा तापते, या साध्या प्रश्नाचे उत्तर इथे फार उपयोगी पडते. वेगात असताना समोरून येणारा वारा रेडिएटरमधून आपोआप वाहतो, तर कमी वेगाने चढ चढताना सगळी भिस्त पंख्यावर असते. वेगात तापणारी आणि उभी असताना शांत राहणारी गाडी बहुधा आतून चोंदलेला रेडिएटर, थकलेला पंप किंवा आत ओढला जाणारा खालचा होज पाइप यांच्याकडे बोट दाखवते. माझी गाडी नेमकी याच्या उलट वागत होती, त्यामुळे पहिला संशय हवेच्या बाजूवर गेला. संशय हा पुरावा नव्हे, एवढे मात्र मनाशी धरून ठेवले.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर निदान बेतणे शक्य नव्हते. अनेक गाड्यांत हा काटा मुद्दाम आळशी ठेवलेला असतो. तापमान बऱ्याच अंशांनी खालीवर झाले तरी तो मध्यावरच बसून राहतो, म्हणजे चालकाला उगाच धास्ती वाटत नाही. त्यामुळे तो हलतो तेव्हा बरेच काही घडून गेलेले असते. मी ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या निदानासाठी असलेल्या जोडणीला, एक छोटा वाचक जोडला आणि इंजिनच्या संगणकाला सेन्सरकडून मिळणारे तापमान आकड्यांत पाहू लागलो. हौद्यात वाळूची पोती टाकून भार कायम ठेवला, चढही तोच ठेवला आणि एसी बंद ठेवला. सपाट रस्त्यावर तापमान ८६ ते ८८ अंश सेल्सिअस राहत होते. चढावर ते न थांबता वाढत जाऊन १०८ वर पोहोचले आणि तिथेही स्थिरावण्याचे चिन्ह दिसेना, तेव्हा मी गाडी बाजूला घेतली, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात ठेवला आणि इंजिन चालूच राहू दिले. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असल्यामुळे अशा वेळी तो थोडी उष्णता बाहेर टाकतो. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडण्याचा मोह मात्र कोणीही करू नये. दाब सुटताक्षणी आतला द्रव उकळून चेहऱ्यावर आणि हातांवर उसळतो आणि गंभीर भाजते.

पुढची तपासणी इंजिन पूर्ण गार झाल्यावर केली. झाकण उघडल्यावर दिसलेला द्रव गंजक्या तपकिरी रंगाचा होता. त्याचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटर या मिश्रणाचे प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाच्या काचेवर ठेवून पाहिला तेव्हा त्यात ग्लायकॉलचे, म्हणजे कूलंटमधल्या मुख्य रसायनाचे, प्रमाण जेमतेम पाव हिस्सा निघाले. आधीच्या वापरात पातळी उतरली की नळाचे पाणी ओतले जात असावे, हे उघड होते. कूलंट केवळ थंडीत गोठू नये म्हणून असतो अशी समजूत उष्ण हवामानात गाडी चालवणाऱ्यांत सर्रास आढळते; वस्तुतः तो उत्कलनबिंदू वाढवतो, गंज रोखतो आणि पंपाच्या सीलचे संरक्षण करतो, तर कठीण पाण्यातले क्षार रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत थर धरून बसतात. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत निव्वळ पाणी मिश्रणापेक्षा सरस आहे हे खरे, पण गंजाने आणि क्षारांनी पोखरलेल्या यंत्रणेत त्या सरसपणाचा काही उपयोग नसतो.

मग झाकण तपासले. दिसायला क्षुल्लक असलेल्या या भागात दोन झडपा असतात. एक झडप ठरावीक दाबापर्यंत आतला द्रव कोंडून ठेवते आणि दाब त्यापुढे गेला की जादा द्रव बाजूच्या बाटलीत सोडते. दुसरी झडप इंजिन गार होताना तोच द्रव बाटलीतून परत आत येऊ देते. ही दुसरी झडप अडकली तर गार झालेल्या गाडीचा होज पाइप पिचलेला दिसतो. माझ्या झाकणावर १.१ बार असे कोरलेले होते, परंतु हातपंपाच्या अडॅप्टरवर लावून पाहिले तेव्हा ते अर्ध्या बारलाच हवा सोडू लागले. याचा अर्थ समजण्यासाठी एक आकडा पुरेसा आहे : साधे पाणी १.१ बार जादा दाबाखाली सुमारे १२२ अंशांना उकळते, तर अर्ध्या बारला सुमारे १११ अंशांनाच. माझ्या द्रवात थोडे ग्लायकॉल असल्याने उत्कलनबिंदू जरासा वर असेल. पण सेन्सरजवळ १०८ अंश असताना सिलिंडर हेडमधल्या सर्वाधिक तप्त जागांचे तापमान त्याहून बरेच जास्त असते. तिथे वाफेचे बुडबुडे धरत असणार, आणि वाफ धातूची उष्णता द्रवाइतकी उचलू शकत नाही.

झाकणाच्या जागी दाबचाचणीचा पंप बसवून गार यंत्रणेत एक बार दाब भरला. पाव तासात काटा थोडा पण नक्की खाली आला. जमिनीवर एक थेंबही नव्हता. टॉर्च आणि दात तपासण्याचा छोटा आरसा घेऊन एकेक सांधा पाहत गेलो तेव्हा वॉटर पंपाच्या पोटाखालच्या बारीक छिद्राशी गुलाबीसर पांढरा वाळका थर सापडला. हे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की द्रव बेअरिंगमध्ये न शिरता इथून बाहेर पडावा, असा त्याचा हेतू असतो. गळणारा थेंब तापलेल्या इंजिनावरच वाळून जात होता आणि मागे क्षार ठेवत होता, म्हणून गाडीखाली ओल दिसत नव्हती. पंपाची पुली हाताने हलवली तर तिच्यात किंचित खेळही जाणवला.

हेड गॅस्केटच्या शंकेला निकाली काढणे आवश्यक होते, कारण ती खरी असती तर बाकीचा सगळा खटाटोप व्यर्थ गेला असता. रात्रभर गार झालेल्या इंजिनाचा दाब शून्यावर आणून ते चालू केले आणि वरचा होज पाइप हाताने दाबून पाहत राहिलो. गॅस्केटमधून सिलिंडरचा वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर थर्मोस्टॅट उघडण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या काही मिनिटांतच, हा पाइप टणक होतो. माझा पाइप मऊच राहिला. रेडिएटरच्या तोंडाशी धरायचे निळे रसायनही वापरून पाहिले. ज्वलनवायूंतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा रंग बदलतो. डिझेल इंजिनाच्या धुरात जादा हवा असल्याने हा वायू कमी प्रमाणात असतो, म्हणून ही चाचणी इंजिन चांगले तापवून आणि वेग वाढवून बराच वेळ केली. रंग निळाच राहिला. तेलाच्या झाकणाखाली दुधट साय नव्हती आणि एक्झॉस्टमधून पांढरी वाफही येत नव्हती. या सर्व गोष्टी एकत्र घेतल्यावर मी गॅस्केटचा विषय बंद केला.

पहिल्या टप्प्यात गळती आणि दाब यांचीच दुरुस्ती केली. या गाडीत पंप बाहेरच्या बेल्टवर चालतो, म्हणून टायमिंगच्या भागाला हात लावावा लागला नाही. ज्या गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो तिथे हे काम बरेच मोठे होते आणि बेल्टही त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे ठरते. पंखा सोडवताना त्याच्या नटाचे आटे कोणत्या दिशेचे आहेत हे आधी पाहून घ्यावे, कारण कित्येक गाड्यांत ते उलटे असतात आणि जोर लावून नट अधिकच आवळला जातो. जुने गॅस्केट खरवडताना ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ओरखडा पडू नये म्हणून प्लॅस्टिकची पट्टी वापरली आणि नवा पंप टॉर्क पान्याने समान आवळला. झाकणही नवे घेतले.

थर्मोस्टॅट हाताशी आलाच होता, तेव्हा त्यालाही पातेल्यातल्या पाण्यात टांगून तापमापकासह तापवले. आतल्या मेणाच्या प्रसरणावर चालणारा हा भाग. त्यावर ८२ अंश कोरलेले होते, तो ८३ च्या सुमारास उघडू लागला आणि ९५ पर्यंत पुरता उघडला. त्याला बदलण्याचे काही कारण नव्हते, म्हणून नवी रबरी कडी घालून तोच परत बसवला. तो काढून टाकण्याचा सल्ला इतक्या ठिकाणी दिला जातो की त्याबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन हलक्या कामात गार राहते, इंधन जास्त खाते आणि लवकर झिजते. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याचीच मागची चकती बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारा, मार्ग बंद करते. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो, कूलंटचा काही भाग रेडिएटरकडे न जाता तसाच इंजिनात परततो, आणि भाराखाली गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापू शकते.

या टप्प्यानंतर दाब टिकू लागला आणि पातळी उतरणे थांबले, पण त्याच चढावर त्याच भाराने तापमान पुन्हा १०८ वर गेले. हा निकाल निराशाजनक दिसला तरी माझ्या दृष्टीने तो सगळ्यांत उपयुक्त होता, कारण त्याने दोन तक्रारी कायमच्या वेगळ्या केल्या. कूलंट कमी होणे हे तापण्याचे कारण नव्हते. उलट तापण्यामुळे वाढणारा दाब कमकुवत झाकण आणि झिजलेले सील यांना हरवत होता.

आता हवेची बाजू. समोरून पाहिले तर एसीच्या कंडेन्सरच्या जाळ्या स्वच्छ दिसत होत्या, आणि बहुतेक जण इथेच समाधान मानतात. वरचे ब्रॅकेट सोडवून, एसीच्या नळ्यांना धक्का न लावता, कंडेन्सर थोडा पुढे कलंडवल्यावर त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत माती, गवताचे कुसळ, बिया आणि किडे यांचा नमद्यासारखा जाड थर आढळला. तो इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मंद धारेने धुतला. जोराच्या धारेने रेडिएटरच्या पातळ पात्या आडव्या होतात आणि हवेची वाट आपणच बंद करतो, त्यामुळे या कामी प्रेशर वॉशरचा उपयोग करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पंख्याचा व्हिस्कस क्लच हा दुसरा आरोपी होता. त्याच्या पुढच्या तोंडावर द्विधातूची एक गुंडाळी असते. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की ती वळते, आतली झडप उघडते, आणि सिलिकॉनचे दाट तेल चकत्यांच्या खोबणीत शिरून पंख्याला पुलीबरोबर ओढू लागते. तेल गळून गेले तर पुली फिरते आणि पंखा नुसता रेंगाळतो. इंजिन खूप तापवून बंद केल्यावर, चावी काढून घेऊन, पंखा हाताने फिरवून पाहिला. त्या अवस्थेत तो जड लागायला हवा. माझा मात्र एका झटक्यात सहज गरगरत राहिला, आणि क्लचच्या तोंडावर मध्यापासून कडेकडे गेलेले तेलकट धुळीचे पट्टेही होते. नवा क्लच आणल्यावर तो बसवेपर्यंत उभाच ठेवला, कारण आडवा पडून राहिला तर तेल चुकीच्या कप्प्यात जाऊन गळू शकते. पंख्याभोवतीच्या आवरणाची खालची रबरी पट्टी गायब होती. ती नसल्यामुळे पंखा रेडिएटरमधून नवी हवा ओढण्याऐवजी इंजिनाजवळची गरम हवाच पुन्हा फिरवत होता. तीही नवी लावली.

चढावरची पुढची चाचणी १०१ ते १०२ अंशांवर आली. सुधारणा मोठी होती, तरी चढाच्या अखेरच्या टप्प्यात आकडा अजून हळूहळू वर जात होता, आणि वर जात राहणारा आकडा म्हणजे उष्णतेची आवक जावकीपेक्षा जास्त आहे एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून रेडिएटरच्या आत पाहणे आले. माझा रेडिएटर आडव्या प्रवाहाचा आहे. गरम कूलंट एका बाजूच्या टाकीतून आडव्या नळ्यांतून दुसऱ्या बाजूला जातो, त्यामुळे आवकीच्या बाजूकडून जावकीच्या बाजूकडे तापमान सलग उतरत गेले पाहिजे. इन्फ्रारेड तापमापकाने रांगांमागून रांगा मोजत गेलो. चकचकीत धातूवर हे उपकरण खोटा, बराच कमी आकडा दाखवते, म्हणून मोजण्याच्या जागांवर आधी काळी चिकटपट्टी लावली होती. वरच्या रांगांत उतार सलग होता, पण तळाच्या रांगा अगदी आवकीच्या टाकीपाशीही सुमारे २० अंशांनी गार होत्या. तेवढ्या नळ्यांतून कूलंट वाहतच नव्हता. गाळ जड असल्याने तळाशी बसतो, त्यामुळे चोंदलेली जागाही अपेक्षेप्रमाणेच होती.

सायट्रिक ॲसिडचे सौम्य द्रावण भरून इंजिन गरम होईपर्यंत चालवले, ते काढून साध्या पाण्याने पुन्हापुन्हा खळबळून घेतले, आणि रेडिएटर सोडवून उलट्या दिशेने धार सोडली. तपकिरी गाळ बराच निघाला. इंजिन ब्लॉकच्या बाजूचा निचऱ्याचा बोल्टही काढला. सुरुवातीला तिथून काहीच आले नाही, तार खुपसून गाळाचा बोळा मोकळा केल्यावर धार लागली. हा बोल्ट बहुतेक वेळा कोणी उघडत नाही आणि जुना द्रव ब्लॉकमध्ये तसाच राहतो. रेडिएटर परत लावून मोजले तेव्हा गार पट्टा अरुंद झाला होता, पण गेला नव्हता. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरच्या टाक्या झाळ सोडवून काढता येत आणि नळ्यांतून सळई घालून त्या साफ करता येत. ॲल्युमिनियमच्या गाभ्यावर चेपून बसवलेल्या प्लॅस्टिक टाक्यांना तो उपाय लागू पडत नाही. मी नवा रेडिएटर घेतला. ज्याने पाहताक्षणी रेडिएटर बदला म्हटले होते त्याचे बोलणे एक तृतीयांश बरोबर निघाले, असे म्हणता येईल.

कूलंट निवडताना रंगावर विसंबलो नाही, कारण रंगाला सर्वमान्य अर्थ नाही. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकार पाहिला. भरण्यापूर्वी एक हिशेब करावा लागतो. खळबळून घेतल्यावर ब्लॉक आणि हीटर यांत साधे पाणी उरतेच, आणि त्यावर तयार मिश्रण ओतले तर प्रमाण पुन्हा पातळ होते. म्हणून यंत्रणेच्या एकूण क्षमतेच्या निम्मा, म्हणजे आठ लिटरची यंत्रणा असेल तर चार लिटर, शुद्ध कूलंट आधी ओतला आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरली.

यानंतरचे हवा काढण्याचे काम दिसते त्याहून चिकाटीचे आहे. गाडीचे तोंड उताराच्या वरच्या बाजूला ठेवले, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, वरच्या नळीवरचा हवा सोडण्याचा स्क्रू सैल केला आणि द्रव अगदी बारीक धारेने ओतला. स्क्रूमधून बुडबुड्यांविना धार आल्यावर तो आवळला. तरीही इंजिन मंद गतीवर असताना हीटरमधून गार हवा आणि वेग वाढवला की गरम हवा येत होती. हीटरच्या नळ्यांत हवा अडकल्याचे हे हमखास लक्षण. इंजिनाचा वेग थोडा वर धरून, हीटरच्या होज पाइपला हाताने हलके पिळून, मग पूर्ण गार करून पातळी भरून, पुन्हा तापवून, असे करत राहिल्यावर हीटर मंद गतीवरही एकसारखा गरम झाला. काढलेला जुना कूलंट झाकणबंद कॅनमध्ये भरून विल्हेवाटीसाठी दिला. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असल्याने जनावरे तो चाटतात आणि थोड्या मात्रेनेही त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात.

शेवटच्या चाचणीत, त्याच चढावर आणि त्याच भाराने, तापमान ९६ पर्यंत गेले, तिथे पंख्याचा मोठा घोंघाट ऐकू आला, आणि चढ संपण्याच्या आतच आकडा ९१ वर उतरला. एसी चालू करून पाहिले तेव्हा तो ९८ वर थांबला. सकाळी गार इंजिन चालू करताना नव्या क्लचवरचा पंखा थोडा वेळ आवाज करतो, कारण रात्रभरात क्लचमधले तेल खोबणीत उतरलेले असते. ते मागे खेचले गेले की आवाज विरतो, त्यात दोष काही नाही. इंजिन अनेकदा तापून गार झाल्यावर होज पाइपच्या सगळ्या क्लिपा पुन्हा तपासल्या. नव्या रेडिएटरच्या खालच्या जोडावरची एक क्लिप अर्धा वेढा आवळली गेली. त्यानंतरच्या दाबचाचणीत पाव तास काटा जागचा हलला नाही, आणि रिफ्रॅक्टोमीटरने गोठणबिंदू उणे ३६ अंश दाखवला, म्हणजे मिश्रण निम्म्याला निम्मे बसले होते.